बागेच्या समितीवर बायको

महापालिकेच्या उद्यान सल्लागार समितीवर नागरिकांच्या काही जागा रिकाम्या आहेत, ही बातमी मीच बायकोला वाचून दाखवली होती. मानधन नाही, गाडीभाडं नाही. महिन्यातून एक बैठक आणि शहरातल्या बागांबद्दल सल्ला द्यायचा. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मला वर्ष होत आलं होतं. तिथं मी तपासणी विभागात होतो. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. घरी बसल्यावर माझी सही फक्त कुरिअरवाल्याला लागायची. तेव्हा आपला सल्ला कुणाला तरी हवाय, हे वाचूनच माझी पाठ ताठ झाली.

अर्ज आणायला गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, बायकांचे अर्जच येत नाहीत हो. घरातून कुणी असेल तर त्यांचाही भरा ना." मी दोन अर्ज आणले. हिचाही मीच भरला. अनुभव काय लिहू, असं विचारलं तर ही भाकरी थापता थापता म्हणाली, "लिहा काहीबी. मला कोण घेतंय?" मी लिहिलं, 'बागकामाची आवड'. आवड कसली! गॅलरीत एक कोरफड होती, तिलाही पाणी मीच घालायचो.

मुलाखतीची मी जोरदार तयारी केली. कुठल्या झाडाला पाणी कमी लागतं, ठिबक कुठं चालेल, पावसाचं पाणी बागेतच कसं जिरवायचं, सगळं वाचून काढलं. हिलाही चार मुद्दे पाठ करायला दिले आणि रिक्षात बसल्यावर तिच्याकडून म्हणवून घेतले.

आत तिघं जण बसले होते, मध्ये महापालिकेचे साहेब. माझा नंबर आधी लागला. मी मनसोक्त बोललो. बाहेर आलो तेव्हा जागा आपलीच, अशी खात्री होती. मग ही आत गेली. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं बाकावर बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, तुम्ही बागेत कधी जाता?" साहेबांनी विचारलं.

"जातच नाय," ही म्हणाली.

मी कपाळाला हात लावला.

"का बरं?"

"कधी जावं, तुम्हीच सांगा. सकाळी डबे, धुणं. दुपारी हात मोकळे होतात, तवा तुमची बाग बंद. चारनंतर उघडती, तवा चहापाणी, मग सैपाक. आमच्या गल्लीतली एक बाई बागंत जात नाय. गेटावरची वेळ गड्यांच्या हिशोबानं लावलीय."

 मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मी दिलेल्या चार मुद्द्यांपैकी एकही तिनं काढला नाही.

पुढच्या आठवड्यात फोन आला. दोन्ही अर्जांवर नंबर माझाच होता. "अभिनंदन, समितीवर निवड झाली आहे," असं पलीकडून म्हणाले आणि मी आभाराचं भाषण सुरू केलं. "आजवरच्या अनुभवाचा शहराला उपयोग..." एवढं बोलेपर्यंत पलीकडून अदबीनं आवाज आला, "सर, मॅडमना देता का जरा?"

मी फोन दिला. ही ओल्या हातानं तो कानाला लावून नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिली आणि मी कोरफडीकडं बघत उभा राहिलो.

कॉलनीत पेढे मीच वाटले. न वाटून करतो काय! जो तो म्हणायचा, "वहिनींनी कमाल केली," आणि मी हसायचो. हसताना जबडा दुखतो, हे मला तेव्हा कळलं. बैठकीच्या दिवशी ही इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात ओळखपत्र घालून निघायची. जाताना सांगायची, "कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." ज्या माणसाच्या हुकमावर अख्खी असेंब्ली लाइन थांबायची, तो आता शिट्ट्या मोजत बसला होता. घरी आली की मी विचारायचो, "काय झालं आज?" ती म्हणायची, "चाललंय." एवढंच. मला शब्द न् शब्द हवा असायचा. एखादं काही सांगितलंच, तर मी म्हणायचो, "दुपारच्याला नाही, दुपारी म्हणायचं." ती शांतपणे म्हणायची, "तिथं समद्यांना कळलं."

एकदा समिती आमच्याच बागेत पाहणीला येणार होती. मी फिरायला जायचे बूट घालून आधीच तिथं जाऊन बसलो. बागेचे अधिकारी ट्रॅकवर उभं राहून समजावत होते, "ताई, दुपारी बाग उघडता येत नाही. माळी तेव्हा पाणी देतात, जेवतात."

"मग जेवू द्या की," ही म्हणाली. "आम्ही काय त्यांच्या ताटात बसणार हाव का?"

सगळे हसले. अधिकारीही हसले. समितीतले एक वयस्कर प्राध्यापक तर पोट धरून हसले. मग हिनं एकेक करून सांगितलं. पाणी सकाळी द्या, मागचं गेट बंद ठेवा, पुढं एक पहारेकरी बसवा, महिनाभर करून बघा. आवाज चढला नाही, अडखळली नाही. मी दोन पावलं पुढं झालो आणि म्हणालो, "ठिबक केलं तर पाण्याचा प्रश्नच..."

"आपण कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमचे मिस्टर हायेत," ही म्हणाली आणि पुन्हा गेटाचं बोलायला लागली.

अंगाचा तिळपापड म्हणजे काय, ते त्या दिवशी मी उन्हात उभं राहून अनुभवलं.

दुपारची बाग सुरू झाली. सुरुवातीला चार-पाच बायका यायच्या, मग वाढत गेल्या. कुणी भाजी निवडायला आणायच्या, कुणी नुसत्या झाडाखाली आडव्या व्हायच्या. मागच्या गल्लीत शिवणाचा क्लास घेणाऱ्या एक मुसलमान बाई होत्या, त्यांना सगळ्या आपा म्हणायच्या. त्या आणि ही एकाच बाकावर बसायच्या. दुपारी माझा चहा आता मलाच करून घ्यावा लागायचा.

मग ते प्राध्यापक मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि समितीतली एक जागा रिकामी झाली. हे मला पुन्हा पेपरातच वाचायला मिळालं. मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही तांदूळ निवडत होती.

"जागा रिकामी झालीय. बोलली नाहीस?"

"विचारलं नाय तुम्ही."

"मी अर्ज करतोय. तू साहेबांना एक शब्द टाकशील ना?"

तिनं ताट हलवलं, खडे बाजूला सारले आणि म्हणाली, "नाय."

"का?"

"मी आपांचं नाव सुचवलंय." मग जरा थांबून म्हणाली, "राग नका मानू. तुम्ही तिथं आलात की मी बोलणार नाय. तुम्हीच बोलाल. घरात हाय तसंच तिथं व्हईल."

मी पायात चपला अडकवून सरळ बाहेर पडलो. चौकात जाऊन चहा घेतला, तो गार झाला, तसाच टाकला. शेवटी रागाच्या भरात अर्ज आणला आणि भरलाही. मुलाखतीला गेलो तर दारातच साहेब उठून म्हणाले, "अरे, ताईंचे मिस्टर! या, या. ताई बऱ्या आहेत ना?" पुढची दहा मिनिटं ते ताईंबद्दलच बोलत होते. माझ्या ठिबकाला हात लावायला वेळच उरला नाही.

निवड आपांची झाली. मला वाटलं होतं, ही निदान थोडी वरमेल. तिनं एवढंच विचारलं, "भाजी कोणती करू?" मी म्हणालो, "कोणतीही कर." त्या दिवशी तिनं मेथी केली. मला आवडते म्हणून केली की बाजारात स्वस्त होती म्हणून, ते मी विचारलं नाही.

आता बैठकीच्या आदल्या दिवशी आपा आमच्याकडं येतात. दोघी पुढच्या खोलीत कागद पसरून बसतात. पहिल्या दिवशी आपा म्हणाल्या, "भाभी, वहाँ मराठीच बोलना पडता क्या? मेरेकू तो बराबर आती नै वो." ही म्हणाली, "तुम्ही तुमचं बोला. मी हाय की." मी आतून चहा करून आणला. कप ठेवला तेव्हा दोघी एकदम गप्प झाल्या. मी परत स्वयंपाकघरात आलो आणि पाठीमागं दोघी फुटल्यासारख्या हसल्या. चांगल्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मी ओट्याला टेकून ऐकत होतो. समितीची जागा, ओळखपत्र, साहेबांचं ताई ताई, हे सगळं आतापर्यंत मला टोचत होतं. पण त्या हसण्यानं जे लागलं ते वेगळंच होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ही माझ्याबरोबर अशी कधी हसली, ते मी आठवू लागलो. सिल्लोडहून लग्न करून आणली तेव्हा हसली असेल, पण तेव्हा घरात माणसं भरलेली असायची. नंतर माझ्या शिफ्ट, मुलांच्या शाळा. मला एकही प्रसंग धडपणे आठवेना.

आपा गेल्यावर मी विचारलं, "एवढं काय हसत होता?"

"काय नाय. तुम्हाला नाय कळायचं."

"सांग तर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिची चूक काढायला बसलोय का, हे ती ताडत असावी. मग सांगायला लागली. बागेत एक बाई रोज सासूला घेऊन येते, सासू झोपली की ती हळूच उठून भेळ खाऊन येते, आणि परवा परत आली तर सासूच भेळ खात बाकावर बसलेली. आपांनी त्या सासूची नक्कल करून दाखवली होती. हिनंही करून दाखवली, पदर सावरत, तोंड वाकडं करून.

मला ते फारसं हसण्यासारखं वाटलं नाही. पण सांगता सांगता तिला परत हसू फुटलं आणि ती ओट्याला धरून उभी राहिली. मी म्हणालो, "मग? सासू काय म्हणाली?"

"थांबा की, सांगते," ती डोळे पुसत म्हणाली.