सूपभर कोंड्याची लेक

मी जन्मले त्या दिवशी मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. थट्टा नाही, खरंच ठेवलं. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले होते. ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथं नवं बाळ असं टाकून द्यायचं, शेजारणीनं ते उचलायचं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं, अशी आमच्याकडं रीत होती. पोर विकतचं, म्हणजे या घरचं नव्हे. मग वाईट नजर तिकडं वळत नाही. माझं नावही त्या कोंड्यावरूनच ठेवलं. ते इथं लिहीत नाही. शाळेत पोट भरेस्तोवर ऐकून झालंय.

इतर घरांत ही रीत घटकाभराची असायची. कोंडा दिला, पोर घेतलं, की आई लाड करायला मोकळी. माझी आई मात्र ते खरं धरून बसली. तिच्या लेखी मी शेजारच्या मावशीचीच राहिले. अंगावर पाजायची तेवढी, तेही तोंड वळवून. न्हाऊमाखू घालायला, तेल लावायला, केस विंचरायला मावशी. आईनं मला कधी मारलंही नाही. मार खाल्लेल्या मैत्रिणींचा मला हेवा वाटायचा, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

जळोचीला आमचं माळवं होतं. वांगी, मेथी, कांदा बारामतीच्या बाजारात जायचा. सातआठ वर्षांची असताना मी भरल्या गाडीवरून खाली पडले आणि गुडघा फुटला. आई चार पावलांवर मेथीच्या जुड्या बांधत होती. ती उठली, माझ्याकडं दोन पावलं आली, थबकली आणि बांधावरून तिनं हाक मारली, "अवं, तुमची पोर पडली बगा!"

मावशी धावत आली. हळद लावली, फडकं बांधलं. बाई मायाळू होती, पण तिला स्वतःची पाच होती. तिच्याकडं जेवायला बसले की माझं ताट सगळ्यांत शेवटी मांडलं जायचं. तिकडंही पाहुणी आणि घरीही पाहुणी. वडील दिवसभर मोटेवर. मी वांग्याच्या वाफ्यात एकटी बसून झाडांशी बोलायचे. तीही उत्तर देत नसत, पण निदान उठून जात नसत.

एकदा खुरपताना आईनं आपणहून सांगितलं. तिचं माहेर कळंबचं. तिच्या आईनं थोरल्या मुलाला चारचौघींत मांडीवर घेऊन मुके घेतले होते, "माझा राजा" म्हणाली होती. साथीच्या तापात तो दोन दिवसांत गेला. लोक बोलले, आईचीच नजर लागली. त्यानंतर त्या बाईनं पुढच्या एकाही लेकराला हात लावला नाही.

"मलाबी न्हाय," आई म्हणाली. "म्हणून तर मी हाय."

हे सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. पाण्याची पाळी कधी येणार हे सांगावं तसं तिनं सांगितलं आणि पुढच्या वाफ्यात सरकली. मला तिचा राग आला. खूप वर्षं तो राग मी सांभाळला.

लग्न होऊन मी इंदापूरला गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली होती आणि मी अठराची होते. मुलगी झाली. सुईणीनं तिला पुसून माझ्याजवळ आणलं, आणि मी काय केलं? हात मागं घेतला. "मावशीकडं द्या," असं माझ्या तोंडून निघून गेलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीकडं तोंड करून मी पडून राहिले आणि मला स्वतःचीच भीती वाटली. ही पोरसुद्धा आता वांग्याच्या झाडांशी बोलत बसणार, आणि या वेळी दोष माझ्या आईचा नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सुपात कोंडा घेऊन दारात उभी राहिली. मावशीला निरोप गेला होता.

"हे करायचं न्हाय," मी म्हणाले.

"खुळी का काय? तू जगलीस ती कशामुळं?"

"जगले गं. पण एकटी जगले."

इतकं स्पष्ट मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. मला वाटलं आता ती चिडेल.  तिनं तो कोंडा गोठ्यात नेऊन म्हशीपुढं ओतला. मावशी आली ती चहा पिऊन गेली.

तरी पोरीला मी पाजण्यापुरतीच जवळ घेत होते. नाही म्हणणं तोंडाला जमलं होतं, हातांना नाही.

आठव्या दिवशी सुईण आली नाही. तिला पिंपळीला दुसऱ्या बाळंतपणाला जावं लागलं होतं. मावशीचा गुडघा धरला होता. पाणी तापून उकळायला लागलं. बाळंतिणीला अंघोळीवाचून ठेवायचं नाही, म्हणून शेवटी आईच न्हाणीत आली. पाटावर मी पाठमोरी बसले. तिनं तेलाची वाटी घेतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरखरीत, मातीत राबलेला हात. मी श्वास रोखला. 

ती पाठीवरून खाली तेल चोळत आली आणि मध्येच थांबली.

"ह्यो डाग कसला गं? भाजलं व्हतं का कुठं?"

"न्हाय आई. जल्माचाच हाय."

 मग तिनं तांब्या बुडवला आणि पाणी ओतायला लागली. ओततच राहिली. बंब रिकामा झाला, पाणी कोमट झालं, गार झालं, तरी तिला थांबवत नव्हतं. ती रडत होती की काय मला दिसलं नाही, आणि वळून बघायचं धाडस माझ्यात नव्हतं.

लुगड्यानं माझी पाठ टिपताना ती म्हणाली, "पोरीच्या अंगावर कुठं काय हाय, ते समदं आत्ताच बगून ठिव."

मी खोलीत गेले. पोरीचं दुपटं सोडलं, तिला उघडी करून मांडीवर घेतलं. आई माझ्या शेजारी येऊन टेकली. मग आम्ही दोघींनी तिला पायाच्या नखापासून टाळूपर्यंत बघितलं.