कणकेला हात

“तुम्ही आज पाहुण्या. तुम्ही नुसतं खुर्चीवर बसायचं,” असं म्हणून कुसुमताईंनी माझ्या हातातली परात काढून घेतली.

हसतच घेतली. पण परातीचा काठ त्यांनी पदरानं धरला होता. परात काही तापलेली नव्हती.

आणि हे ‘तुम्ही’? इतकी वर्षं त्या मला ‘अगं’ म्हणूनच हाक मारत आल्या. माझा हात धरून पाटीवर पहिली अक्षरं गिरवून घेतली ती त्यांनीच. आज मी त्यांच्यासारखी शिकवणारी ताई होणार, तर मी एकदम ‘तुम्ही’ झाले.

आमचं केंद्र घाटंजीच्या पुढं एका गावात आहे. मोठ्या बायकांची शाळा. दिवसभर कापूस वेचून, निंदण करून आलेल्या बायका पंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. लिहिणं-वाचणं तर आहेच, पण शिवण, अंगात रक्त कमी असेल तर काय खावं, सातबारा कसा वाचावा, नवऱ्यानं हात उचलला तर कुठं जावं, हे सगळं तिथंच. गाणीसुद्धा. मधून मधून बायका आपल्यातूनच नव्या ताई निवडतात. यंदा दोघी निवडल्या. एक मी, बौद्ध वस्तीतली, रोजमजुरी करणारी. दुसरी सुनंदा, सरपंचाची भावजय.

नव्या ताईंच्या स्वागताची आमची रीत आहे. हार नाही, भाषण नाही. नव्या ताईनं कणीक भिजवायची, सगळ्यांनी मिळून रोडगे वळायचे, गवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांच्या राखेत, भाजायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत एका पंगतीत बसून खायचे. ही रीत कुसुमताईंनीच घातलेली. “जिच्या हातचं खाल्लं नाही, तिचं ऐकणार कशा?” असं त्या म्हणायच्या. मला ते बोलणं इतकं आवडायचं की घरी चुलीपुढं बसून मी ते एकटीच पुटपुटायचे.

यंदा मात्र हार आला. शाल आली, नारळ आला. आणि एक खुर्ची, फक्त माझ्यासाठी. परात सुनंदाच्या पुढ्यात गेली.

मी खुर्चीत बसले. हो, बसले. अंगावर शाल, गळ्यात हार, आणि माझे हात मांडीवर पडलेले. बायका माझ्याकडं बघून हसायच्या आणि लगेच नजर खाली घालायच्या. कोणी गाणं म्हणेना. बाहेर गवऱ्यांचा धूर वारा फिरेल तसा शेडमध्ये शिरत होता.

“मीबी मळतो ना,” मी म्हटलं.

“कायले वो?” सुनंदा मान वर न करता बोलली. “तुमाले कायले त्रास?”

तुमाले कायले त्रास.

हे शब्द मी आधी ऐकले होते. मी लहान असताना आईला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. आई हरखून गेली होती. नवं लुगडं नेसून गेली. चार दिवस पोरांनी खाल्लं. मग हळूहळू पोरं घरून डबे आणायला लागली. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. गावातली मोठी माणसं शाळेत आली आणि गोड बोलली, “बाई, तुमाले कायले त्रास? आराम करा.” त्या दिवशीची खिचडी आईनं पातेल्यासकट घरी आणली. आम्ही भावंडं ती खात होतो आणि आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं, आई थकली.

आई थकली नव्हती. ते मला खुर्चीत बसल्यावर कळलं. शिवी देणाऱ्याला उलटून शिवी देता येते. आराम करा म्हणणाऱ्याला काय द्यायचं?

माझं डोकं तडकलं. हार काढला, खुर्चीला अडकवला. शालीची घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. हात धुतले आणि सुनंदाच्या समोर बसून सरळ परातीत घातले.

तिनं विस्तवाला लागल्यासारखे हात मागं घेतले.

मी कणीक मळत राहिले. घट्ट, मुठी दाबून. गोळे मीच केले, रोडगे मीच वळले. बंजारा तांड्यावरची पारूबाई तेवढी उठली, आर पसरला आणि रोडगे त्यात पुरले. भाजत आल्यावर चांगला खमंग वास सुटला. पंगतीची वेळ झाली तशा एकेक बायका उठायला लागल्या. एकीचं लेकरू रडत होतं म्हणे. एकीची म्हैस सुटली म्हणे. सुनंदा तर काही न सांगताच गेली.

मी राख झटकून रोडगा फोडला, तूप सोडलं आणि ताट कुसुमताईंपुढं धरलं.

“आज माझा उपवास आहे,” त्या म्हणाल्या.

सकाळी त्यांनी आमच्यासोबत पोहे खाल्ले होते. ते त्यांनाही आठवत होतं, मलाही. मी ताट मागं घेतलं नाही. शेवटी त्यांनीच तोंड फिरवलं. मला अक्षर देणारी बाई माझ्या हातची भाकर घेऊ शकली नाही. त्याचं मला इतकं वाईट वाटलं की रडूही आलं नाही.

पारूबाई ताट ओढून जेवली. “तांड्यावर बोलतीन मले,” ती म्हणाली, आणि खातच राहिली.

दाराशी सरपंच येऊन उभे होते. कधी आले, कळलं नाही. त्यांनी आत पाय ठेवला नाही. आराकडं बघत शांतपणे म्हणाले, “वाऱ्याचे दिवस हायेत, बाई. रातच्याले एखादी ठिणगी उडन, शेड जळन. मंग कोनाले इचारसान?”

“तुमालेच इचारीन,” मी म्हटलं. “पयलं तुमालेच.”

ते हसले आणि गेले. त्यांचं ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून रोज वस्तीवर परतताना मी मागं वळून शेडकडं बघते. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

पण ताई म्हणून मला बायकांनी निवडलंय, आणि ती खुर्ची मी शेडबाहेर काढलीय. पुढच्या बैठकीला कणीक मी भिजवणार. त्याच्या पुढच्याही. शेडला कुलूप लागलं तर लिंबाखाली आर लावीन. शेड जळालं तर त्याच राखेत रोडगे पुरीन. जिला शिकायचंय तिनं माझ्या हातचं खाऊन शिकावं. जिला उपवास धरायचा आहे, तिनं तो जन्मभर धरावा. माझे हात आता परातीतून निघणार नाहीत.