शहाडच्या पाणथळीत ‘येतो’ म्हणू नये

भूतबित मी मानत नाही. नौपाड्यात शाळेत शिकवायचे, पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायचे... त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण घडलं ते घडलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. थोरली बहीण कुसुमताई शहाडला दिलेली. दिवाळीच्या तोंडावर भांडण झालं आणि भाऊजींनी तिला भर संध्याकाळी घराबाहेर काढून कडी लावली. ती माहेरी यायला निघाली, स्टेशनकडे जाणाऱ्या पाणथळीतल्या पायवाटेने. सकाळी चिखलात सापडली. पाय घसरला म्हणे! कडीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही, मला शेजारणीने सांगितलं.

दोन महिनेही झाले नाहीत तोच हे महाशय कल्याणला मुलगी बघायला निघाले. ताईच्या साड्या न्यायला मी नेमकी तिथे गेलेले, म्हणून स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर चाललो. जेमतेम दहा मिनिटांची वाट. थंडी मी म्हणत होती. दोन्हीकडे लव्हाळे, वर धुकं. भाऊजी पुढे – इस्त्रीचा कोट, केसांना चापूनचोपून तेल. माझं डोकं नुसतं पेटलं होतं.

ती जागा आली तशी मी म्हटलं, “भाऊजी, नमस्कार तरी करा.”

“गाडी चुकेल गं,” म्हणत त्यांनी कसेबसे हात जोडले आणि सवयीने बोलून गेले, “येतो हं.”

एरवी निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो. पण जिथे माणूस गेलं, तिथे ‘येतो’ म्हणायचं नसतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

लव्हाळ्यातून आवाज आला... “लवकर या.”

ताई रोज दारात उभी राहून हेच म्हणायची. त्याच सुरात.

भाऊजी पांढरेफटक पडले. “मालू, तू बोललीस?”

“नाही.”

शब्द मागे घ्या, असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मुद्दाम.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी रोज सकाळी त्या पाण्यात गुडघाभर उभे सापडायला लागले. चपला काठावर नीट काढून ठेवलेल्या. विचारलं की एकच – “येतो म्हटलंय मी तिला. वाट बघतेय.” डॉक्टर म्हणाले, नर्व्हस ब्रेकडाउन. मुलीकडच्यांनी नकार कळवला.

शेवटी त्यांची आई नौपाड्याला आली, माझे हात धरून रडली. “तू तिची बहीण, तुझं ऐकेल गं ती. माझ्या लेकाला सोड म्हणावं.”

“कडी लावली तेव्हा तुम्ही कुठे होतात?” मी विचारलं.

तरी मी गेले. एकटी, भर दुपारी. स्वच्छ ऊन, आसपास चिटपाखरू नाही. या सगळ्याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि पुढचं तर मी कुणाला सांगितलेलंही नाही. मी हात जोडले आणि म्हटलं, “ताई, सोडू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली.