गोळी बाईची, सैपाक भाऊचा

आरमोरीच्या दवाखान्यात माझं काम बोलायचंच होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या पेशंटला ती कितपत समजली आहे, हे गप्पा मारता मारता काढून घ्यायचं. बहुतेक जण "डॉक्टरनं देल्ली, म्हून खातो" एवढ्यावर उरकत.

एक बाई मात्र तयारीनं आली. पन्नाशीची, हृदयाची झडप बदललेली, जवळच्याच खेड्यात धानाची शेती. शेजारी पिशवी सांभाळत नवरा.

"गोळी कशासाठी आहे, बाई?"

"झडपीत रक्ताची गाठ होऊ नये म्हून. रोज एकाच टायमाले खायाची. कापलं तं रक्त लवकर थांबत नाई. म्हून विळीले हात लावाचा नाई, सैपाक कराचा नाई."

कौतुकानं डोलणारी माझी मान थांबली. "सैपाकाचं कोणी सांगितलं?"

बाईनं नवऱ्याला दिसणार नाही असा डोळा मारला.

"ऑपरेशनपासून मीच करून राह्यलो ना, बाप्पा!" नवरा म्हणाला. "भांडेबी मीच घासतो. हे गोळी बंद कधी होते?"

"ही जन्मभर घ्यायची, भाऊ."

त्याचा चेहरा असा उतरला की मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

तेवढ्यात बाईचा रिपोर्ट आला आणि माझं हसू विरलं. एकही गोळी चुकली नव्हती, तरी रक्त हवं तेवढं पातळ झालं नव्हतं. मी जेवणाच्या चौकशीवर आले.

"भाजी कोणती करता, भाऊ?"

"तरोट्याच्या पाल्याची. बांधावर उगवते. मले तेवढीच येते."

"सकाळीबी तेच, संध्याकाळीबी तेच," बाई वैतागून म्हणाली.

पालेभाजी एकदम वाढली की या गोळीचा जोर कमी पडतो, हे मी दोघांना समजावलं. बंद नाही करायची, पण आधी खात होतात तेवढीच खायची. डॉक्टरांनीही तेच बजावलं आणि लवकर पुन्हा तपासणीला बोलावलं.

नवरा खुलला. "म्हंजे माह्या हातचं खाणं धोक्याचं! आता हिलेच करू द्या."

खोटं बोलायची सोय नव्हती. "जपून केलं तर बाईंनी सैपाक करायला हरकत नाही," मी म्हटलं. बाईनं माझ्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "वांग्याची शिका. मी बसल्या जागी सांगतो."

पुढच्या खेपेला रिपोर्ट चांगला आला. नवरा तर छाती काढूनच आत शिरला. शेजारच्या बारशाला वांग्याची भाजी त्यानं रांधली होती, आणि आता एका लग्नाचंही बोलावणं होतं!

तो गोळ्या आणायला गेल्यावर मी बाईला विचारलं, "खरंच चांगली होते?"

"माह्याहून चांगली," ती हळूच म्हणाली. "पन त्यायले सांगू नोका."