शोशाम्माची पुढची जागा

शोशाम्माला आयुष्यात पहिलं असं काही मिळालंच नव्हतं. पाच बहिणींत ती चौथी, शाळेत मधल्या बाकावरची, आणि लग्न झालं तेही नवऱ्याचं दुसरं. पण कोट्टयमकडच्या आमच्या जुन्या सुरियानी चर्चमध्ये बायकांच्या बाजूची अगदी पुढची, वाटेला लागून असलेली जागा तिची होती. चांगली बावीस वर्षं.

त्या जागेत एवढं काय? तर कुर्बाना म्हणजे आमची रविवारची प्रार्थना, तिच्यात शांती वाटतात, कैयसूरी म्हणतात तिला. वेदीजवळ अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, ती चर्चची देखभाल करणाऱ्या कप्यार कोराच्या हाती देतात. कोरा खाली उतरून बायकांपैकी एकीलाच देतो: जोडलेल्या तळव्यांत तळवे सरकवायचे, मग तिने हात चेहऱ्याला लावायचे आणि मागचीला द्यायचं. अशी हातोहात ती पार दारापर्यंत पोचते. म्हणजे गावातल्या समस्त बायकांची शांती आधी शोशाम्माच्या हातून जायची. तिचं संस्थान एवढंच, पण ते ती कडक इस्त्रीच्या पांढऱ्या मुंडूत मोठ्या रुबाबात सांभाळायची.

मग तीस वर्षं कुवेतच्या हॉस्पिटलात नर्स असलेली एलियाम्मा कायमची परतली. शोशाम्माच्या कुंपणापलीकडचं घर तिचं. पहिल्याच रविवारी ती बिचारी नकळत त्या जागी उभी राहिली. शोशाम्मा दहा मिनिटं उशिरा आली आणि तिला शांती दुसरीच्या हातून घ्यावी लागली. आपल्याच विहिरीचं पाणी शेजारणीने आपल्याला तांब्याने वाढावं, तसं झालं तिला. घरी गेल्यावर माशांच्या मीनकरीत मीठ पडलं दोनदा.

अच्चनकडे तक्रार गेली. पहिल्या हातातली आणि शेवटच्या हातातली शांती एकच असते, असं ते हसून म्हणाले. त्यांचं काय जातंय बोलायला, शोशाम्मा माझ्या बाजूच्या कुंपणावरून मला म्हणाली, ते स्वतः कायम पहिले.

मग शर्यत लागली. शोशाम्मा सातला पोचली, तर एलियाम्मा उभी. साडेसहाला पोचली, तरी उभी. ड्युटीपायी पहाटे उठायची सवय हाडात मुरलेली तिच्या. शेवटी शोशाम्माने युक्ती काढली. दर रविवारी चर्च मी झाडते, असं तिने कोराला सांगितलं, आणि चावी फिरताच ती आत. त्या दिवशी जागा मिळाली. एलियाम्मा आली, छान हसली आणि तिच्या बरोब्बर मागे उभी राहिली.

कोराने शांती दिली तेव्हा शोशाम्माचं तोंड पाहण्यासारखं होतं. ती ऐटीत वळली आणि तिथेच अडकली. पहिलं घेतलं की पहिलं द्यावंही लागतं, आणि ते हिलाच, हा हिशेब बाईने केलाच नव्हता. एलियाम्माचे हात जोडलेले, मान खाली. शोशाम्माने तिच्या खांद्यावरून हात लांबवले आणि शांती थेट तिच्या मागच्या थंगम्माला देऊन टाकली.

रांग मागे सरकत गेली. एलियाम्मा तशीच उभी, हात जोडून. शांती न घेता प्रसादाला पुढे कसं जायचं? आता ही इथेच राहणार, या विचाराने शोशाम्माला क्षणभर गार वाटलं. मग तिने मान वळवून पुन्हा त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

दाराशी शेवटी उभी असते बदकं पाळणारी अच्चाम्मा, ताडासारखी उंच. तिला सगळ्यांच्या डोक्यांवरून ते जोडलेले हात दिसले. ती अनवाणी थपथप चालत पुढे आली आणि आपल्याजवळची शांती एलियाम्माला देऊन परत गेली. एलियाम्माने हात चेहऱ्याला लावले. घेतलेली पुढे द्यायला इकडेतिकडे पाहिलं, तर सगळ्यांना मिळून चुकलेली. तेव्हा तिने शोशाम्मापुढेच तळवे धरले.

अच्चन बघत होते. शोशाम्माने हात जोडले. क्रीम चोपडलेले मऊमऊ तळवे असणार, हे ती महिनाभर मनात घोकत होती. हाताला लागले ते काथ्यासारखे खरखरीत, औषधाच्या पाण्याने भेगाळलेले.

कुर्बाना संपल्यावर अंगणात ज्या त्या बाईच्या तोंडी एलियाम्माचाच मोठेपणा. झाडलं मी आणि कौतुक हिचं, शोशाम्मा पुटपुटत होती. तेवढ्यात एलियाम्मा जवळ आली.

"चेची, पुढच्या रविवारपासून मी मागे अच्चाम्मापाशी उभी राहते. तुमची जागा तुम्हाला."

शोशाम्माने दारापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. सगळं चर्च माना वळवून तिकडेच बघत बसणार, हे तिला लख्ख दिसलं. शिवाय हिला शांती देणार कोण, तर अच्चाम्मा.

"काही नको," ती म्हणाली. "माझ्याच मागे उभं राहायचं. दर रविवारी घ्यायची ती माझ्याकडूनच."

एलियाम्माने पदराआड हसू दाबलं. "घेईन."

"आणि खोबरेल लाव गं त्या हातांना," शोशाम्मा तिच्या बरोबरीने फाटकाकडे चालत म्हणाली. "मला टोचतात."