हात ढिला सोड

घाटनांदूरच्या आमच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या काकू गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात वारल्या. आजार सोरायसिस. तो सहसा जीव घेत नाही.

“हात ढिला सोड गं बाय. कावून घाबरती? काच हाय, चावत न्हाई.” काकूंसमोर बसलेल्या प्रत्येकीने हे ऐकलेलं असायचं. समोरचीचा पंजा चेपत, तिला सासूच्या गाऱ्हाण्यात गुंतवत त्या बांगडी कधी चढवत ते कळत नसे.

आधी डोक्यात खपल्या आल्या. काकू त्याला कोंडा म्हणाल्या. मग कोपरांवर, गुडघ्यांवर लाल, जाड चट्टे उठले. वर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले. गल्लीने निदान केलं, गजकर्ण. तुम्हीही असा चट्टा पाहून बहुधा हेच म्हणाला असाल. गजकर्ण बहुतेकदा मधून निवळत कडेने पसरतं. काकूंचे चट्टे सगळीकडे सारखेच जाड होते. त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला. शिवल्याने होत नाही, हेही सांगितलं. काकू ते घरोघर सांगत फिरल्या. बायका माना डोलवत आणि बांगड्या कागदात बांधून नेत. घरीच भरते म्हणत.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. चुडा काकूंकडूनच भरणार, म्हणून ती अडून बसली. आईला ते नको होतं. काकूंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या आणल्या. कातडी साफ झाली. चुड्याच्या दिवशी त्यांनी बाह्या वर सारून मांडवात सगळ्यांना कोपरं दाखवली.

“बघा. गेलं का न्हाई?”

त्या दिवशी बायकांनी आपणहून हात पुढे केले.

दुखणं गेलं म्हणून काकूंनी गोळ्या एकदम थांबवल्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या, हे डॉक्टरांनी नंतर ओळखलं. थोड्याच दिवसांत अंग डोक्यापासून पायापर्यंत लाल झालं, सालं निघू लागली. भर उन्हाळ्यात त्या गोधडीखाली कुडकुडत होत्या. घरच्यांना हिवताप वाटला. दवाखान्यात नेईपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पोरीचा चुडा हाय ना रं धड?”

एकही बांगडी वाढवली नाही, सगळा चुडा शाबूत आहे, मी म्हणालो.

काकूंना शेवटची अंघोळ घालायला गल्लीतल्या बायका आल्या. त्यांनी आधी मेडिकलमधून हातमोजे मागवले.