मधली जागा सोडून

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई लोकांना कौतुकाने सांगते आणि मला रागाने. पण या वेळी मी साताऱ्याहून छत्रपती संभाजीनगरला निघाले ती तिच्याच सांगण्यावरून. "जा, पण डोंगर-देवळांचे फोटो नकोत," ती म्हणाली. "माझ्या दोघी बहिणींचा आण."

थोरली कमलमावशी उस्मानपुऱ्यात राहते, धाकटी रुक्मामावशी अजिंठा गावात. आई मधली. तिघींचं माहेर तिकडचंच. एकटी आईच लग्न होऊन इतक्या लांब येऊन पडली. पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. फक्त तिघी बहिणी आहेत असा एकही फोटो आमच्या घरात नाही, हे तिच्या मनाने आत्ताच घेतलं. "त्यांना मधे जागा सोडून बसायला सांग. आपला स्टुडिओवाला माझा फोटो तिथं बसवून देईल. आत जाताना तो फोटो मला जवळ हवाय."

माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच तडकलेली. त्यात माणसं धुक्यातून आल्यासारखी दिसतात. म्हणून मी वेगळा कॅमेरा घेतला. दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त, साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा. चालू केला की घूं करत त्याची नळी बाहेर येते आणि बंद केला की नाक मुरडल्यासारखी आत जाते. गोष्ट आवडण्यासारखीच होती. पण बटण दाबल्यावर हा प्राणी आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो, हे मला वाळूजजवळ कळलं. सकाळची पाळी गाठायला निघालेल्या कामगारांच्या बस ओळीने चालल्या होत्या, खिडक्यांना टेकून माणसं पेंगत होती. मी दाबलं. फोटोत आला एका ट्रकचा मागचा भाग आणि त्यावर लटकवलेली चप्पल. माझ्यासारख्या उतावळ्या बाईने असलं यंत्र घेणं म्हणजे हौसेने घेतलेली शिक्षाच होती.

उस्मानपुऱ्यात जिना चढेपर्यंत कमलमावशी दारात आलेली. "आली का गं माय! किती वाळलीस!" चहा झाला, पोहे झाले, आईच्या गोळ्यांची चौकशी झाली. मग मी फोटोचं काढलं, आणि मावशीने कप खाली ठेवला.

"तिघींचा? येडी झाली का तुझी माय? तीन तिगाडा, काम बिगाडा. अन् मधी कोण? तीच! आप्रेशनच्या तोंडावर मी तिला मधी बसवू व्हय?"

तिघांचा फोटो काढला की मधल्याचं वाईट होतं, हे मीही लहानपणापासून ऐकलंय आणि हसण्यावारी नेलंय. या बहिणींनी मात्र ते जन्मभर पाळलं. लग्नकार्यातल्या प्रत्येक फोटोत तिघींच्या जोडीला कुणीतरी चौथं आहेच: शेजारीण, कुणाचं तान्हं बाळ, एकात तर चक्क शेळी.

"मग तुम्हीच या ना साताऱ्याला," मी म्हटलं.

"येऊ की. पर आप्रेशन झाल्यावर. आधी गेलं की शेवटचं बघाय आल्यावानी दिसतं." मावशीने कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "उद्या रुक्मीकडं जाऊ. ती व्हय म्हणली तर बघू."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जमीलाभाभीही बरोबर निघाल्या. त्यांना सिल्लोडला माहेरी जायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी मावशी वाकली आणि तिने एक काळा खडा उचलून मुठीत धरला. मी बघतच राहिले. मावशी काही बोलायच्या आत भाभीच म्हणाल्या, "तीन जने निकले तो कंकर लेना पडता, बेटी. चौथा हो जाता. हमारी अम्मी बी लेती थी." दोघी इतक्या सहज पुढे चालू लागल्या की कॅमेरा काढायचंही मला सुचलं नाही.

काळीपिवळीत (तिकडची वडापची, माणशी भाडं घेणारी जीप) आम्ही कोंबून बसलो. हर्सूल मागे पडलं, चौक्याचा घाट आला. मला खिडकीशी जागा होती तरी चैन पडत नव्हतं. फुलंब्रीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि डोक्याला फडकी बांधून बाया वेचणीला वाकल्या होत्या. जीप थांबली की मी उतरत होते, उन्हात पडद्यावर काही दिसत नसल्याने अंदाजाने बटण दाबत होते आणि फोटो निघायची वाट बघत होते. शेवटी ड्रायव्हर वैतागला. "ओ ताई, फोटूच काढायचे व्हते तर पायी यायचं!" सगळी जीप हसली. मीही हसले, पण पुढच्या थांब्यावर पुन्हा उतरले.

सिल्लोडला भाभी उतरल्या. गरम भज्यांचा पुडा खिडकीतून आत देऊन म्हणाल्या, "तुम्हारी अम्मी को बोलो, मैं दुआ करतीऊं." जीप हलल्यावर मी मावशीला म्हटलं, "आता आपण दोघीच. टाक तो खडा."

"ऱ्हाऊ दे. लागंल."

रुक्मामावशीचं घर अजिंठा गावाच्या कडेला. अंगणात कापसाचा ढीग, त्याच्या शेजारी बाज. तिने मला कवटाळलं आणि तिथेच रडायला लागली. "मधलीचं कसंय गं? जेवती का?" मग डोळे पुसून आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (धान्य आणि मसाले भाजून दळलेल्या पिठाची). आई ही आमटी साताऱ्यात कितीदा करते आणि दर वेळी म्हणते की तिकडची चव येत नाही. पहिल्या घासालाच मला तिचं म्हणणं पटलं.

जेवताना मी पुन्हा फोटोचं काढलं. रुक्मामावशीचा हात ताटात थांबला.

"नाय. आसलं काय मला सांगू नको."

"मी तेच म्हणलं हिला," कमलमावशी म्हणाली.

या दोघींचं जन्मात एका गोष्टीवर एकमत होत नाही, असं आई सांगते. आज नेमकं झालं. माझा तोल गेला. "ती घाबरलीय," मी म्हटलं. "रात्री उठून बसते. तिला तुम्ही दोघी जवळ हव्या आहात, आणि तुम्ही इथं माणसं मोजताय!" मी हात धुतला, कॅमेरा उचलला आणि मिळेल त्या गाडीने लेण्यांकडे निघाले.

लेणी बघायला शांत मन लागतं आणि मी अजून मनात मावश्यांशी भांडत होते. आत फ्लॅशला मनाई. अंधुक उजेडात हा स्वस्तातला कॅमेरा आणखीनच सावकाश झाला. हात जरा हलला की भिंतीवरचे सगळे चेहरे पुसट. एकही फोटो धड येईना. शेवटी बाहेर दगडी पायरीवर बसले आणि सावलीत पडद्यावर प्रवासाचे फोटो मागे मागे सरकवत गेले. रुक्मामावशीचं अंगण, हात हलवणाऱ्या जमीलाभाभी, कापूस, घाट, ट्रकची चप्पल. इतके फोटो काढले आणि मी एकातही नव्हते. कशी असणार? मी कायम कॅमेऱ्याच्या मागे, आणि तिथूनही पुढे पळायच्या घाईत. मग एकदम डोक्यात आलं, आणि मी उरलेली लेणी तशीच सोडून पायऱ्या उतरू लागले.

"चौथी मी बसते," अंगणात पाऊल टाकतानाच मी म्हणाले. "कॅमेरा आपोआप फोटो काढतो. कमलमावशी, आई, रुक्मामावशी आणि मी."

रुक्मामावशीने बोटं मोजली. "आक्का, मधली, मी अन् ही. चार व्हतात की!"

कमलमावशीनेही बोटं मोजून बघितली. "व्हतात खरं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

बाज भिंतीशी ओढली. एका टोकाला कमलमावशी, मग रिकामी जागा, मग रुक्मामावशी, आणि दुसऱ्या टोकाला मी. "अजून सरक," कमलमावशी सारखी सांगत होती, "तिला ऐसपैस बसू दे." कॅमेरा पिंपावर पाट ठेवून त्यावर बसवला. बॅटरीचं चिन्ह लाल होऊन लुकलुकायला लागलेलं. पहिल्या फोटोत माझी पाठ आली. दुसऱ्यात रुक्मामावशी "झालं का?" विचारताना तोंड उघडं. तिसऱ्या वेळी मी धावत येऊन बसले आणि स्वतःला बजावलं की आता हलायचं नाही. रुक्मामावशीने एक हात रिकाम्या जागेवर टेकवला. कमलमावशी मूठ आवळून बसली होती. मला वाटलं, कॅमेऱ्याला बुजलीय. दिवा लुकलुकला, कॅमेऱ्याने त्याच्या सवयीप्रमाणे विचार केला आणि फोटो काढला. लगेच नळी आत घेऊन तो बंद पडला.

निघताना रुक्मामावशीने येसराचा डबा बांधून दिला. परतीचा सगळा रस्ता मी कुठेही उतरले नाही, कारण कॅमेरा मेलेला होता.

साताऱ्यात उतरल्यावर आधी बॅटरी भरली, मग फोटो मोठा छापून आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला. "रुक्मी लई वाळली," एवढंच म्हणाली.

"उद्या स्टुडिओत देते," मी म्हटलं. "तुला मधे बसवून देईल तो."

"नको." तिने रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "ऱ्हाऊ दे तशीच. मी स्वतः जाऊन बसंन तिथं."

मला आधी बरं वाटलं. मग मी फोटोतली माणसं मोजली. दोघी मावश्या आणि मी. तिघी! जन्मभर या गोष्टीला हसलेली मी चाचरत म्हणाले, "आई, मग तीनच होतात गं."

आई हसली. ऑपरेशनचं ठरल्यापासून पहिल्यांदा. "आक्काची मूठ बघ."

मी कॅमेरा चालू केला आणि छोट्या पडद्यावर तो फोटो मोठा मोठा करत नेला. कमलमावशीच्या आवळलेल्या बोटांच्या फटीतून काळं काहीतरी दिसत होतं. उस्मानपुऱ्याच्या गल्लीतला खडा.

"मी जाईस्तोवर माझी जागा धरून बसलीय ती," आई म्हणाली. आणि मग तिला रडू आलं, आणि मलाही.

कॅमेरा कसा आहे, असं आता लोक विचारतात. मी सांगते की उन्हात आंधळा आहे, अंधारात त्याहून आंधळा आहे, बॅटरी ऐन वेळी दगा देते आणि घाईच्या माणसाने तो मुळीच घेऊ नये. मी तो विकणार नाही.

हे लिहितेय ते दवाखान्याच्या बाकावर बसून. आई आत आहे. फोटो आत नेऊ देत नाहीत, म्हणून दारापर्यंत तो तिच्या हातात होता आणि तिथे तिने माझ्याकडे दिला. सकाळपासून मी या बोळातून येरझारा घालतेय. बाबा म्हणाले, बस की जरा. मी बसले नाही. बाबा, दादा आणि मी, असे आम्ही तिघंच बाहेर थांबलोय, हे मघाशी माझ्या लक्षात आलं. मी जिना उतरून खाली गेले, आवारातला एक खडा उचलून आणला आणि मुठीत धरून बाबांच्या शेजारी बसले. अजून उठलेली नाही.